इंजिनाचा हार

चन्नबसप्पा मिस्त्रीला गर्व होता. उगाच झाकून कशाला सांगायचं? जळकोटात हायवेच्या कडेला, चहाच्या हॉटेलाशेजारी त्याचं पत्र्याचं गॅरेज. चाळीस वर्षं झाली, पण दुकानाला पाटी म्हणून नाही. एखाद्या नव्या माणसानं विचारलं, "अप्पा, पाटी का लावत नाही?" की हा मान वर न करता म्हणणार, "ज्येला कुनी वळखत न्हाय त्येनं लावावी." ऐकणाऱ्याला राग यायचा. यायचा तर येऊ दे! गाडी बिघडली की तोच माणूस राग गिळून परत यायचा, आणि अप्पा त्याच्याकडं न बघता गाडीकडं बघायचा.

बरं, गर्व करण्यासारखं काही होतं का? होतं की! मोटारसायकलीचे मिस्त्री नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत चिकार, पण गाडी दारात आली की ते आधी पान्हा उचलायचे. अप्पा आधी चप्पल काढायचा. अनवाणी पाय गिअरच्या दांडीवर ठेवायचा, मागचं चाक हातानं फिरवायचा, वाकून वास घ्यायचा. पोरगं कणकणलं की आई कपाळाला हात लावते ना, तसा इंजिनाला हात लावून मिनिटभर गप्प बसायचा. मग सांगायचा, "क्लचची तार." नाहीतर, "आईल जळालंय." नाहीतर, "गाडीला काय धाड भरली न्हाय, तुझाच पाय चुकतुय." आणि बहुतेक वेळा तेच निघायचं.

"इंजिन उघडनं म्हंजे पोट फाडनं," तो म्हणायचा. "ताप आला म्हनून कुनी पोट फाडतं का?"

गेल्या दोन वर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. जवळचं धूसर दिसायचं. तरी त्याचं काही अडत नव्हतं, बोटं बघत होती.

आता त्याची एक तऱ्हा होती, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. खंडेनवमीला सगळं गाव गाड्या धुतं आणि हँडलला झेंडूचा हार घालतं. अप्पा हँडलला हार घालायचा नाही. "हँडल काय करतंय? नुसतं वळतंय. काम करतंय इंजिन, हार त्येला." वर्षभरात त्याच्या हाताखालून गेलेली जी जी गाडी त्या दिवशी दारात येईल, तिच्या इंजिनाला तो स्वतः जमिनीवर बसून हार बांधायचा. बायको नागम्मा टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढायची, वर कुंकू लावायची. लोक हसायचे आणि दरवर्षी यायचे. अप्पानं हार बांधला म्हणजे वर्षभर गाडी रस्त्यात दगा देत नाही, असं पुढंपुढं लोकच बोलायला लागले. अप्पानं ते कधी खोडून काढलं नाही. कशाला काढेल!

हार नागम्मा ओवायची, साध्या सुताच्या दोऱ्यात. आठ-दहा दिवसांत फुलं वाळायची, दोरा कुजायचा आणि हार रस्त्यात कुठंतरी गळून पडायचा. चाळीस वर्षांत कुणाला त्याचा विचार करायची वेळ आली नव्हती.

या वर्षी नागम्माची बोटं सुजली होती. सुई धरवत नव्हती, तरी बाई फुलांची परात घेऊन बसलीच. अप्पानं परात तिच्या पुढ्यातून ओढून घेतली.

"राहू दे. म्या तुळजापुरातनं तयार हार आनतो."

"तयार हाराला काय चव असती का?"

"गाडी काय हार खानार हाय व्हय?"

आणले. नवरात्रात तुळजापुरात हारांना काय तोटा! चांगले भरघोस, लांबलचक हार. ओवलेले होते बारीक नायलॉनच्या दोऱ्यात. बायकोची बोटं दुखू नयेत म्हणून आणलेले ते, त्यात कुणाच्या मनात पाप होतं? अप्पानं त्रेचाळीस गाड्यांना ते बांधले आणि संध्याकाळी मोठ्या ताठ्यात घरी जेवायला गेला.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. हिंमतरावाची गाडी गिअर घेईना.

हिंमतराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी, अप्पाच्याच वयाचा. आवाज असा की बांधावर बोलला तर चार शेतं पलीकडं ऐकू जावं. दोघांची जुनी दोस्ती, तीही कायम भांडत भांडत. त्याची गाडी नळदुर्गाजवळ दुसऱ्या गिअरात अडकून बसली. दांडी वर होईना, खाली होईना. जवळच बजरंगचं गॅरेज होतं. बजरंग पस्तिशीचा, हाताला चलाख आणि जिभेला त्याहून चलाख. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "इंजिनाला ह्याच्याआधी हात कुनी लावलाय?"

"चन्नबसप्पानं. श्रावणात क्लचप्लेटा टाकल्या."

"मग झालं तर! म्हाताऱ्यानं आत काहीतरी उलटं बसवलंय. गिअरची पेटी खोलावी लागंल. काका, त्येला डोळ्यानं दिसत न्हाय, कशाला गाडी देता तिथं?"

हिंमतरावानं गाडी खोलू दिली नाही, टेम्पोत घालून जळकोटला आणली. इथवर बरं केलं. पण पोटात ठेवेल तो हिंमतराव कसला! हॉटेलासमोर गाडी उतरवता उतरवता बजरंगचं सगळं बोलणं जसंच्या तसं, त्या आवाजात, दहा-बारा चहा पिणाऱ्यांसमोर सांगून मोकळा झाला.

अप्पाचा चेहरा उतरला. घाव नेमका दुखऱ्या जागी बसला होता. त्याचा पोरगा नंदीश पुण्यात कंपनीत होता आणि दर रविवारी फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, "अप्पा, आता गॅरेज बंद करा, आई अन् तुम्ही इकडं या." अप्पा दर वेळी सांगायचा, "हात चालतोय तंवर न्हाय." आता हात चालतो का नाही, हेच कुणीतरी चारचौघांत विचारलं होतं.

अप्पा उठून उभा राहिला.

"हिंमतराव, तुमाला शब्द देतो. ह्येच्यात माझ्या हातची चूक निघाली, तर ह्ये शटर खाली. कायमचं. पुन्हा पान्हा धरनार न्हाय, सरळ पोराकडं पुन्याला जातो."

"आरं येड्या, म्या तसं म्हनलो का?"

"तुमी न्हाय म्हनलात. म्या म्हनतोय."

नागम्मा डबा घेऊन तेवढ्यात आली होती. तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो शिवा! ह्या मानसाच्या तोंडाला लावायचं कुलूप कुठं मिळतं का बघा रे!" एरवी सगळे हसले असते, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

अप्पानं गाडी आत घेतली, डबल स्टँडवर लावली. हिंमतरावाला म्हणाला, "तुमी चहा प्या जा. तुमच्या आवाजात इंजिन ऐकू येत न्हाय मला."

मग चप्पल काढली. पाय दांडीवर ठेवून हळूच दाबला. दांडी जरा हलली आणि अडली. परत यायला तिनं वेळ लावला. आतली स्प्रिंग तुटली असती तर दांडी लुळी पडली असती. ही लुळी नव्हती, कुणीतरी धरून ठेवल्यासारखी होती. अप्पानं पुन्हा दाबली. अडकण डावीकडं, बाहेरच्या अंगाला. आणि क्लचप्लेटा असतात उजवीकडं. म्हणजे श्रावणातल्या कामाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नव्हता!

छातीवरचं ओझं उतरलं. "बजरंगा, लेका, पेटी खोलनार होतास व्हय!" तो स्वतःशीच म्हणाला. हॉटेलाकडं बघून हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं होतं. पण सवयीनं आधी वाकला आणि वास घेतला.

वास आईलचा नव्हता, रबराचाही नव्हता. कसला तरी गोडसर, करपल्यासारखा. गाडीला हा वास त्यानं चाळीस वर्षांत कधी घेतला नव्हता.

साखळीच्या पुढच्या चक्रीवर एक झाकण असतं, दोन बोल्टाचं. त्यानं ते काढलं. आत बोटं घातली तर हाताला गोळा लागला. काळ्या मातीचा, ग्रीसचा आणि दोऱ्याचा. चक्रीच्या दांड्याला दोरा इतका गच्च गुंडाळला गेला होता की त्याचा गोळा फुगून गिअरच्या दांड्याला चिकटला होता. तोच दांडीला वर-खाली होऊ देत नव्हता. अप्पानं पकडीनं तोडून तोडून गोळा काढला, डोळ्यांजवळ धरला. दिसेना, म्हणून बोटांत चोळला. एक वाळकी पाकळी हाताला लागली. झेंडूची.

अप्पानं ती पुन्हा एकदा चोळून बघितली.

त्याचाच हार होता. सुताचा असता तर कधीच कुजून पडला असता. नायलॉनचा दोरा कुजला नाही, फुलं गेली तरी तो लोंबत राहिला आणि साखळीनं तो आत ओढून घेतला.

मागंच जळक्या आईलचा डबा होता. गोळा त्यात टाकला की संपलं. दोन बोल्ट बसवायचे, बाहेर जाऊन सांगायचं, "चिखल अडकला हुता. पेटी खोलायला निघालेल्याला इचारा आता." दांडी तर आता खटाखट चालत होती. बजरंगचं तोंड काळं, अप्पाचं नाव दुप्पट, आणि बघणारं कुणी नाही. आता खरं सांगायचं तर अप्पाचा हात त्या डब्याकडं गेला. गेला होता, नाही कशाला म्हणा?

पण डब्यावर हात गेला आणि त्याला बाकीच्या बेचाळीस गाड्या आठवल्या. त्याच हाराच्या. त्यातल्या कितीतरी रोज हायवेवर धावणाऱ्या. भर रस्त्यात गाडी गिअरात अडकली आणि मागून ट्रक आला तर? हा गोळा डब्यात गेला, तर त्या माणसांना सांगणार कोण आणि काय सांगून?

तो उठला. गोळा तळहातावर घेऊन हॉटेलात गेला आणि हिंमतरावाच्या कपाशेजारी टेबलावर ठेवला.

"ही घ्या चूक. माझ्या हातची."

"ह्ये काय रं?"

"हार. म्या बांधलेला. नायलॉनचा दोरा म्या आनला, इंजिनाला म्या बांधला, साखळीच्या अंगाला गाठ म्या मारली. प्लेटांचं काम साफ हाय. पन गाडी अडकली ती माझ्यामुळंच."

नागम्मा दारातून म्हणाली, "न्हाय हो, माझ्या बोटापायी झालं ह्ये. म्या ओवले असते तर..."

"तू गप. बोटं तुझी दुखत हुती, अक्कल माझी दुखत हुती."

"मग अप्पा, शटर?" कुणीतरी हळूच विचारलं. अशा वेळी असं विचारणारा एक तरी असतोच.

"शटर खाली हुनार. शब्द दिलाय. पन आज न्हाय. आधी बेचाळीस हार सोडवतो, मग शटर."

झाली की पंचाईत! वही नाही, यादी नाही. कोणत्या गाड्या होत्या हे अप्पाला इंजिनाच्या आवाजावरून आठवत होतं आणि माणसं आठवत होती नागम्माला, कारण प्रत्येक टाकीवर तिनंच विभूती ओढली होती. ती घरी बसून बोटं शेकत फोनवर नावं सांगायची. आणि अप्पाला घेऊन कोण फिरत होतं? हिंमतराव! त्याच गाडीवर. "ऊस पडलाय तोडायचा अन् म्या ह्येला मिरवत बसलोय," असं दर चौकात बोंबलत, पण चार दिवसांत एकदाही त्यानं गाडी शेताकडं वळवली नाही.

चार दिवस फिरले. जळकोटातल्या गल्ल्या, आजूबाजूच्या वस्त्या, तुळजापुरातली एका लॉजमागची गाडी. प्रत्येक दारात अप्पा तेच वाक्य बोलायचा, "माझ्या हातनं चूक झालीया, जरा गाडी बघू द्या." आयुष्यात ज्यानं कधी मान वाकवली नाही त्यानं हे वाक्य दारोदार म्हणायचं! पहिल्या चार-पाच दारांत आवाज अडखळला. पुढं अडखळेनासा झाला. बहुतेकांनी हार कधीच तोडून टाकले होते. सात ठिकाणी दोरा लोंबत होता. बलभीम दूधवाल्याच्या गाडीला तर तो साखळीत जायला लागला होता. हा माणूस रोज पहाटे दुधाचे तीन कॅन बांधून हायवेनं जातो. अप्पानं दोरा तोडून हातात घेतला आणि बराच वेळ तो नुसता बघत उभा राहिला. बलभीमला काही कळेना. तो म्हणाला, "अप्पा, चहा टाकू का?"

शेवटची गाडी नळदुर्गात होती, आणि ती उभी होती बजरंगच्याच गॅरेजमध्ये, पंक्चर काढायला. हिंमतराव म्हणाला, "राहू दे, म्या सांगतो त्येला." अप्पा गाडीवरून उतरून सरळ आत गेला.

"बजरंग, तू म्हनलास त्ये खरं निघालं. चूक माझीच हुती. पन पेटीत न्हवती, भाईर हुती. हार अडकला हुता."

बजरंग टिंगल करेल असं हिंमतरावाला वाटलं, त्यानं बाह्यासुद्धा सावरल्या. पण बजरंगनं हातातलं टायर खाली ठेवलं.

"अप्पा, म्या पेटी खोलायला निघालो हुतो," तो म्हणाला. "तुमाला न खोलता कळलं कसं?"

अप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या पायांकडं.

"बूट काढ."

आणि जळकोटच्या चन्नबसप्पानं नळदुर्गाच्या बजरंगला, त्याच्याच गॅरेजात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर, दांडीवर अनवाणी पाय ठेवायला लावला. लुळी कशी लागते, अडलेली कशी लागते, हे त्याच्या पायाला शिकवलं. तासभर लागला. हिंमतराव बाहेर उभा राहून तीन वेळा ओरडला. अप्पानं ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी अप्पा गॅरेजात आला. पान्हे पुसले, फळीवर लावले. शेवटची नजर टाकली, बाहेर आला आणि शटरला हात घातला. हॉटेलातले कप जागच्या जागी थांबले. नागम्मा पदर तोंडाला लावून बाजूला उभी होती.

तेवढ्यात हिंमतरावाची गाडी आली. पुढं टाकीवर पाटीभर झेंडू, त्याच्याच शेतातला, आणि खिशात सुताचं रीळ.

"अप्पा, शब्द कुनाला दिलतास?"

"तुमाला."

"मग त्यो माझा झाला. माझ्या मालाचं काय करायचं त्ये म्या ठरवीन. म्या त्यो सोडला."

"शब्द असा सुटत न्हाय, हिंमतराव."

झालं! हिंमतराव असा पेटला की हायवेवरची माणसं वळून बघायला लागली. "आरं, चार दिवस तुझ्यासंगं दारं हिंडलो म्या! बेचाळीस दारांत तू चूक झाली म्हनून सांगितलंस. एका तरी दारात कुनी म्हनलं का, की आता येत न्हाय तुझ्याकडं? सांग की! गावात दुसरा मिस्त्री दाव मला, जो सोताची चूक धरून दारोदार जातोय. दाव, म्या आत्ता गाडी तिकडं नेतो. तू शटर लावून पुन्याला जाशील, तिथं ऐटीत बसशील की शब्द पाळला म्हनून. अन् आमी कुनाच्या भरवशावर गाड्या चालवायच्या?"

अप्पाचा शटरवरचा हात तिथंच राहिला होता, खाली आला नव्हता.

"हार पाहिजे मला," हिंमतराव म्हणाला. आवाज आता उतरला होता. "सुताच्या दोऱ्याचा. आत्ता."

नागम्मानं पाटी घेतली, पण सुई तिच्या बोटांत राहीना. अप्पानं शटर सोडलं आणि तिच्या पुढ्यात बसून पाटी ओढून घेतली, या वेळी स्वतः ओवायला. त्याला सुईचं नाक दिसेना. मग हिंमतराव मांडी घालून बसला, त्यानं सुईत दोरा ओवून दिला. हॉटेलातली माणसं उठून बघायला आली. दोन म्हातारे आणि एक म्हातारी, भर हायवेच्या कडेला हार ओवत बसलेली. फुलं कमी-जास्त झाली. हार काही सरळ आला नाही. नागम्मा म्हणालीच, "लई बेंगरूळ झालाय."

अप्पा हार घेऊन उठला. गाडीसमोर जाऊन थांबला.

"कुठं बांधू? हँडलला?"

"हँडल काय करतंय?" हिंमतराव म्हणाला. "इंजिनाला बांध."

अप्पा जमिनीवर बसला. हार उजव्या अंगाला घेतला, साखळीपासून लांब. गाठ मारली, बोटांनी दोनदा चाचपली. नागम्मानं टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढली. मग अप्पानं चप्पल काढली, पाय दांडीवर ठेवला आणि दाबला. खट् करून पहिला गिअर पडला.

घरातला फोन नागम्माच्या कमरेला खोचलेला होता, तो वाजला. रविवार होता, नंदीशचाच असणार. तिनं उचलला. "अप्पांना दे," असं पलीकडून म्हणाला असावा. तिनं नवऱ्याकडं बघितलं. बलभीम दूधवाला गाडी ढकलत येत होता आणि अप्पा त्याच्या इंजिनापाशी वाकला होता.

"त्यांचा हात चालू हाय, बाळा," ती म्हणाली. "मागनं कर."